तुझा कान तू सुनेला दिलास

माय, यंदाच्या थंडीत माझ्यावर जो अन्याय होऊन राहिला आहे, त्याची दाद मागायला जिवंत माणसांत कोणी उरलं नाही, म्हणून तुझ्याकडे आलो. आपली पांढरी गाडी, तीच, जिच्यात तू मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायचीस, रोज सकाळी सुरू केली की गल्लीभर ऐकू जाईल अशी किंचाळते. शेजारचे रिटायर मास्तर कानटोपी वर करून असे पाहतात, जणू बोनेटखाली मीच कोणाला कोंबलंय. आणि शहराबाहेर लोहारा गावात मिस्त्रीच्या शेडपाशी पोचेपर्यंत इंजिन तापतं नि गाडी गप्प होते, साहेब आल्यावर कचेरी होते तशी. पेपरात नि स्टेजवर लोकांची खिल्ली उडवून मी आजवर पोट भरलं. आता बावीस वर्षांची गाडी माझी उडवते. मिस्त्री भला माणूस. "भाऊ, आवाज तं येऊनच नाही राह्यला," म्हणत त्याने अंदाजाने बेल्ट बदलून दिला. दुसऱ्या सकाळी बेल्ट नवा, किंकाळी जुनीच. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात तुझ्या सुनेची भाकरीची थापथाप थांबली.

ते थांबणं मला सोसत नाही, माय. ते तुझं आहे. बाबांची काळीपिवळी जीप पहाटे नेरच्या फेरीला निघायची तेव्हा तू चुलीपुढे असायचीस. इंजिन टकटक करायला लागलं की भाकर हातावर तशीच, मान जराशी वाकडी. मग आतूनच म्हणायचीस, "अहो, तेल वर चढू द्या आधी. खोबरेलाची शिशी पाहा, कशी गोठून राह्यली. इंजनातलं तेल काय वेगळं आहे?" बाबा थांबायचे, टकटक थांबायची. आणि स्टँडवर ते मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "आपल्याले आवाजावरूनच समजते." तू ते कधी खोडलं नाहीस. मी तेव्हा दहा वर्षांचा. तुला कसं समजते, मलाही शिकव, आधी काय ऐकायचं, असे एका दमात पाच-सहा प्रश्न टाकले. तू भाकर उलटलीस आणि म्हणालीस, "आधी चूप तं राह्य."

मी राहिलो नाही. पुढे त्याच तोंडाने मला नाव मिळवून दिलं, म्हणून ते बोलणं मी हसण्यावारी नेलं. वाटलं, ती विद्या तुझ्याबरोबर जाईल. पण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, तोंडात ब्रश धरून मी खिडकीशी उभा आहे, आणि अंगणात तू नव्या सुनेचा तळवा गाडीच्या पत्र्यावर दाबून धरला आहेस. मग तांब्यात बोटं बुडवून, तवा तापला का पाहायला शिंपडतात तसं, चालू बेल्टवर पाणी उडवलंस. "आवाज बदलला तं बेल्ट. नाही बदलला तं बेअरिंग. समजलं काय, बाई?" तिने नुसती मान हलवली. मग दोघी बोनेटकडे कान लावून उभ्या. सासू-सुनेचं पटावं म्हणून लोक नवस बोलतात. माझ्या घरात न मागता पटलं आणि मी खिडकीत फेस गिळत बसलो. कोणाच्या पुरस्काराचा मी इतका हेवा केला नसेल, जेवढा तुझ्या त्या ओल्या बोटांचा केला.

तर नव्या बेल्टच्या त्या सकाळी ही तांब्या घेऊन बाहेर आली. पाणी शिंपडलं. किंकाळी जशीच्या तशी. "बेल्ट नाही. त्याच्या बाजूच्या पुलीचं बेअरिंग आहे. थंडीनं ग्रीस कडक होते, तापलं की चूप."

"हे ग्रीसचं तुले कोणं सांगितलं?"

"तुमच्या मायनं, मागून एकदा. तुम्ही घरातच होते तवा. बोलून राह्यले होते."

मी लोहाऱ्याला गेलो आणि जणू माझंच असं तिचं वाक्य मिस्त्रीपुढे ठेवलं. त्याने बेल्ट काढून पुली हाताने फिरवली. खरखर. "काय कान आहे भाऊ तुमचा!" तो म्हणाला. मला मिशी नाही, तरी माझा हात ओठावरून फिरला. बाबांचाच हात.

नवं बेअरिंग बसलं, आवाज गेला. मास्तर आता मान वर करत नाहीत. माझ्या मनातली खरखर मात्र गेली नाही, म्हणून काल काही काम नसताना लोहाऱ्याला गेलो. "पुन्हा वाजून राह्यली काय?" मिस्त्रीने विचारलं. म्हटलं, "नाही. तो कान माझा नव्हता. बायकोचा होता. तिले माझ्या मायनं शिकवलं. माझ्या बापाची जीपही मायच ऐके."

त्याने फडक्याला हात पुसले. "इतकंच सांगायले आले?"

"इतकंच."

"मंग पुढच्या टाइमले वहिनीलेच पाठवा. तुम्ही आले की अर्धा तास बोलण्यातच जाते."

घरी हे सांगितलं नाही. हा कागदही तिच्या हाती पडणार नाही अशा जागी, माझ्या कात्रणांच्या ढिगाखाली जाईल. तिथे ती झाडायलासुद्धा हात घालत नाही. तुला सांगतो, हेवा अजून आहे. आज सकाळी गाडी सुरू केली आणि तोंड बंद ठेवून उभा राहिलो. इंजिनाचं मला काहीही समजलं नाही. आत थापथाप थांबली, क्षणभर थांबूनच राहिली, आणि पुन्हा सुरू झाली. तेवढं ऐकू आलं.