देशाचा पेट्रोलसाठा आणि नीरजाचा इंटरव्ह्यू

५ ऑगस्ट १९९०, रविवार
इराक कुवेतमध्ये घुसला, आणि पुण्यात कोणाला गांभीर्य नाही. बाहेरून तेल थांबलं तर देश किती तग धरेल, याचा अभ्यास आजपासून. बँकेत क्लार्क असलो तरी दृष्टी अर्थतज्ज्ञाची आहे.
नीरजा म्हणाली, आधी स्कूटरमध्ये पेट्रोल भरा. सोळाला तिचा लोणी काळभोरच्या कॉलेजात इंटरव्ह्यू. लेक्चररची जागा, किती वर्षं वाट पाहत होती. मी सोडायचं कबूल केलंय. बायकोचा विचार एका टाकीपुरता!

९ ऑगस्ट
नारायण पेठेतल्या आमच्या मंडळात व्याख्यान दिलं. ‘आठवड्यात पंप कोरडे पडतील,’ असं ठणकावलं. प्रथमच कोणी डुलकी काढली नाही. अध्यक्ष गोपाळकृष्णराव तर आभार न मानताच घाईने निघाले. प्रभाव!

१० ऑगस्ट
पंपावर ही रांग. सर्वांत पुढे गोपाळकृष्णराव, हातात दोन डबे. मागे निम्मं मंडळ. निष्कर्ष : देशाला खरा धोका घाबरट नागरिकांचा. मी रांगेत उभा राहिलो नाही. अभ्यासकाने तटस्थ असावं.

१४ ऑगस्ट
पंपावर पाटी : ‘पेट्रोल संपले आहे. कधी येईल हे विचारू नये.’ माझं भाकीत तंतोतंत! नीरजाला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, मग मी बसने जाते. म्हटलं, मुळीच नाही, मी शब्द दिलाय. शिवाय रिझर्व्ह आहे.

१६ ऑगस्ट
हडपसर सोडलं आणि स्कूटर बंद. गाडी रिझर्व्हवरच चालली होती म्हणे, केव्हापासून कोण जाणे. आडवी केली, हलवली. नीरजाच्या साडीला ऑइल लागलं. तिने सरळ रस्त्यात उभं राहून हात केला. गेनबा नावाच्या गृहस्थांचा कांद्याचा टेम्पो थांबला. म्हणाले, ‘ताई बसत्याल. तुमाला जागा न्हाय.’ नीरजाने वळूनही पाहिलं नाही.
स्कूटर ढकलत घरी. वाटेत अभ्यासासाठी काही मौलिक मुद्दे सुचले.

२८ ऑगस्ट
नीरजाला नोकरी लागली. पेढे आणले. पंपही सुरळीत सुरू झालेत.
आज म्हणाली, लोणीतच खोली बघतेय, रोजच्या जाण्यायेण्याचा भरवसा नाही.
मी सहानुभूतीने विचारलं, पेट्रोलचा ना?
म्हणाली, नाही, तुमचा.