खुशाल हाय, इतकंच

३ सप्टें. ८२
पाऊस नाही. तिकडं लातूर जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले म्हणे. इथं मुखेडात आडाचा तळ दिसतोय. दीर किसनभाऊजींना मोतीबिंदूनं काहीच दिसेना. औषधाची चिठ्ठी शोधायला स्वतःच्या ट्रंकेची किल्ली दिली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

४ सप्टें.
चिठ्ठी नाही. तळाशी ह्यांची एडनची पत्रं, सुतळीनं बांधलेली. हे तिथं इंग्रजाच्या गोदीत सुतार. पत्र आलं की भाऊजी अंगणात मोठ्यानं वाचायचे. सासूबाई पुढ्यात, मी दाराआड. बाईनं पत्र हातात मागायचं नाही. दर वेळी एकच, खुशाल हाय, पुढच्या साली येतो. मी विहारातल्या वर्गात वाचायला शिकले तोवर पत्रं बंद झालेली.

५ सप्टें.
दिवसभर वाचली. जोडाक्षरांना अडखळत.
"खोली मिळाली. तिला पाठव." पुढच्यात, "अर्ज धाडतो, तिचा अंगठा घे." पासपोर्टाचा अर्ज पाकिटात तसाच. अंगठ्याची जागा कोरी.
शेवटचं: "ती नको म्हणते असं तू कळवलंस. बरं. इंग्रज इथून चालला. मी जहाजावर काम धरतो. आता तिला त्रास देत नाही."
मी नको म्हणाले? मला विचारलं कोणी? बहात्तरच्या दुष्काळात ह्याच भाऊजींच्या लेकरांसाठी खडी फोडली मी. घरात राबायला बाई हवी होती, दुसरं काय.

७ सप्टें.
वाढताना विचारलं, शेवटच्या पत्रात काय होतं. "सांगितलं की तवाच, वैनी. खुशाल हाय म्हनून." घाससुद्धा अडला नाही. किल्ली विसरून दिली की...

९ सप्टें.
लातूरहून भाऊजींच्या मुलाचं पत्र. नव्या कलेक्टर हापिसात लागलाय. डोळ्यांचं शिबिर आहे, सोमवारी बाबांना घेऊन या, आता राहिलं तर नजर कायमची जाईल.
भाऊजी अंगणात बाजेवर, मान पुढं करून. मी मोठ्यानं वाचलं, खुशाल हाय.
"अजून काय?"
"इतकंच."
पोरगं लिहायला आळशी, म्हणाले. हसले.  वाईट वाटलं का? नाही. मग थोडं वाटलं. त्याचाही राग आला.

१२ सप्टें., रवि.
विहारात गेले नाही. उद्या लातूरची पहिली बस सहाला. भाऊजींचं चांगलं धोतर सकाळीच धुतलं, का ते मलाच माहीत नाही. दुपारीच वाळलं. अजून दोरीवरच आहे.