लाडाचं नाव

प्रिय यतिन,

आधी सवयीनं 'प्रिय काळ्या' लिहून बसले होते. तो कागद फाडला.

गेल्या महिन्यात कौमुदीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. वंशभेदाचा इतिहास मुलांना शिकवावा की नाही, यावर. एक बाबा म्हणाले, जुनं उकरून आमच्या मुलांना अपराधी का वाटायला लावता? मी ताडकन उठले. इकडे परदेशात, पॅरामॅटाच्या बसमध्ये माझ्या रंगावरून मला काय ऐकावं लागलं ते सांगितलं, शिकवलंच पाहिजे म्हटलं. टाळ्या पडल्या. धडा सुरू झाला.

काल पोरीचा निबंध घरी आला. घरात रंगावरून कुणाला काय ऐकावं लागलं, असा विषय. मला वाटलं, माझा बसमधला प्रसंग असेल. पहिलंच वाक्य होतं, माझी आई तिच्या सख्ख्या भावाला 'ब्लॅकी' म्हणते.

"अगं, ते लाडाचं नाव आहे."

"डिड ही लाइक इट, मम?"

मग तुझे राखीपौर्णिमेचे जुने मेसेज काढले. अकरा वर्षांत प्रत्येकाखाली तू न चुकता लिहिलंयस, 'तुझा यतिन'. सख्ख्या बहिणीला कोण असं नाव लिहितं? आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर, 'थँक्यू काळ्या'.

हे पत्र पाठवणार नाही. तू हसून 'चालतंय गं' म्हणशील, आणि मी परत विश्वास ठेवीन.

तुझी,
सुमेधाताई