वावटळ डोंगर चढत नाही

प्रिय मोनाली,

मामाचं नाव निघालं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पांढरकवड्याला जाऊन पोस्टात मीच टाकणार आहे. पुरं वाच, मधेच ठेवू नको.

महिना झाला, आपल्याकडे सुरभी मॅडम राहून राह्यल्या. वादळाचा अभ्यास करतात. मागच्या वैशाखात तुझ्या आईला घेऊन गेलं, त्याला त्या टोर्नेडो म्हणतात. आपण वावटळच म्हणू. ते डोंगरात कसं वागलं हे त्यांना पाहायचं आहे, आणि त्यासाठी पडलेला एकेक साग मोजायचा. कटाईचा हुकूम अजून आला नाही, त्यामुळे झाडं पडली तशीच आहेत. या जंगलात एकतीस वर्षं गार्ड होतो मी, माझ्याशिवाय वाट कोण दाखवणार? मी बुंध्यावर चुन्याने नंबर टाकायचा, त्या होकायंत्र धरून झाड कोणत्या दिशेला पडलं ते लिहायच्या.

त्या पट्ट्यात पाखरू बोलत नाही, पोरी. भर दुपारी आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. डाव्या हाताचे साग उजवीकडे पडलेले, उजव्या हाताचे डावीकडे, शेंडे सारे समोरासमोर. मधून कोण गेलं ते पाहायला वाकावं तसे. सालीत खडे रुतले आहेत. एक टिनाचा पत्रा खोडाला असा गुंडाळला आहे की दोघांनी ओढूनही निघाला नाही. मी पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं, दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या पुढे चालणं सोडलं.

संध्याकाळी त्या नकाशावर बाण काढायच्या. बाण आपल्या गावाला बाजूला ठेवून निघून गेले. आपल्या घराचा एक पत्रा हलला नव्हता, तुला आठवत असेल. पुढे बाण डोंगराकडे वळले तेव्हा मी मॅडमला सांगितलं, आता पायथ्याशी थांबतील, वावटळ डोंगर चढत नाही. नोकरीभर हेच सांगत आलो मी, आणि गार्डसाहेब म्हणतात म्हणून लोक मानत आले. पण झाडं वर वर पडलेलीच. रोज चाळीस-पन्नास नंबर, रोज थोडं वर. माथ्यावर पोचलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, उतरताना भोवरा अरुंद झाला आणि त्याचा जोर वाढला. मी खालीच बसलो. त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

पलीकडच्या उतारावर, नऊशे बारा नंबरच्या सागाच्या बेचक्यात स्टीलचा डबा अडकलेला दिसला. त्यावर नाव घातलेलं, मथुरा. लग्नात तुझ्या उकंडामामानेच बहिणीला दिलेला. झाकण घट्ट बंद. मॅडम उघडायला लागल्या, मी उघडू दिलं नाही.

गावाने ठरवून टाकलं होतं की ती डोंगरापलीकडे भावाच्या बकऱ्या पाहायला गेली. आदल्या दिवशी उकंडा तिला बकरी आजारी आहे, पाहून जा म्हणाला होता, त्यामुळे त्यालाही तेच खरं वाटलं. अस्थी आणल्या त्या दिवशी तू त्याला दारातून परत पाठवलंस. तो मान खाली घालून गेला. मी ओट्यावर बसलो होतो. मी त्याला जाऊ दिलं.

त्या दुपारी आभाळ काळंनिळं झालं. तुझी आई घरातच बसतो म्हणत होती. मीच म्हटलं, पत्र्याखाली कायले बसतं, खिंडीतून पलीकडच्या जंगलखात्याच्या चौकीत जाऊन बस, डोंगर आडवा आहे. त्याच डब्यात भाकर-ठेचा मीच भरून दिला. मी बैल सोडायला मागे थांबलो. चौकी कुठे होती ते आता फक्त जोत्यावरून कळतं. मॅडमच्या अहवालात माझा जबाब आहे, सारं खरं सांगितलं. ते छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो आहे. काल उकंडाकडेही जाऊन आलो. तो किती तरी वेळ डब्यावरच्या नावावरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, भाऊजी, मोनालीले सांगा, मग पाहू. राग धरायचा तर माझ्यावर धर, पण मामाला फोन कर. डबा देवळीत ठेवला आहे. तू आलीस की तो आणि तू उघडा. माझ्याने होत नाही.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा