नऊ सप्टेंबरची माणसं

३ ऑक्टोबर

आजपासून चार गावांचे दवाखाने एकमेकांना जोडले. इथल्या रुग्णाचं जुनं दुखणं तिथल्या डॉक्टरला पडद्यावर दिसणार, तिथली तपासणी इथे. मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, सगळ्यांना चहा पाजला. मी केसपेपरच्या खिडकीवर, नेहमीसारखी.

माहितीपुस्तक तीनदा वाचलं. चौथ्या पानावर अडकले. दोन गावांतल्या नोंदी एकाच माणसाच्या, हे यंत्र कशावरून ठरवणार? नाव आणि जन्मतारीख.



४ ऑक्टोबर

लिहून टाकते. इथे तरी.

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्याच वर्षी एक म्हातारा खिडकीशी आला. जन्मतारीख विचारली तर म्हणाला, पाऊस होता एवढं आई सांगायची. रकाना रिकामा सोडता येत नाही. अशांना मी एक जानेवारी द्यायचे — सगळेच देतात. त्या दिवशी हातून नऊ सप्टेंबर लिहिली गेली. ह्यांचा वाढदिवस. म्हाताऱ्याने तारीख दोनदा पुटपुटून पाहिली आणि खुशीत गेला.

मग ज्यांना ठाऊक नाही त्यांना तीच. वर्ष अंदाजाने, तारीख ह्यांची. कुणाचं काय बिघडत होतं?

७ ऑक्टोबर

जोडणीचं काम बघणाऱ्या गृहस्थांचा फोन. 'बाई, तुमच्या गावात नऊ सप्टेंबरला काय झालं होतं? दोनशे चौदा माणसं एकाच तारखेची!' हसत होते. मी म्हटलं, असेल योगायोग.

निवृत्तीला सात महिने. सात महिने गप्प बसता येईल.

९ ऑक्टोबर

नुसती नऊ तारीख पाहून दचकले.

१३ ऑक्टोबर

मांडीचं हाड मोडून आलेल्या आजींची उद्या शस्त्रक्रिया. सिस्टर सही घ्यायला गेल्या आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, 'मला दोन बाळंतपणं झाली म्हणे, आणि मलाच पत्ता नाही!' सगळा वॉर्ड हसला. आजींना मूलबाळ नाही.

मला हसू आलं नाही. ह्याच नावाची दुसरी एक बाई पूर्वी आमच्याच खिडकीवर यायची. नंतर लेकीकडे नदीपलीकडच्या गावी राहायला गेली. जाताना माझी तारीख घेऊन गेली. वर्षही मी दोघींना एकच दिलं असणार. यंत्राने दोघींची एक बाई केली.

पडद्यावर लिहिलंय — कुठल्याही औषधाची बाधा नाही. ते त्या दुसरीचं. ह्या आजी पेनिसिलिनच्या एका सुईने सुजून निपचित पडल्या होत्या. मी पाहिलंय. जुन्या कागदावर लाल शाईने लिहिलंही होतं. तो कागद तळघरात.

वॉर्डाच्या दारात उभी राहिले. परत खिडकीवर आले. पुन्हा गेले. असं तीनदा. शेवटी मॅडमच्या खोलीत.

सगळं सांगितलं. ही तारीख का लिहिली तेही. मॅडमनी आधी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना फोन लावला, औषध बदलायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, 'उद्यापासून खिडकीवर बसू नका.'

१४ ऑक्टोबर

आजी ठीक. दुसरं औषध चाललं.

मी घरी. भांडी दोनदा घासली. सूनबाईंना सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, 'आई, तुम्ही काय ब्रह्मदेव आहात का, तारखा वाटत सुटायला?' मग माझ्यासमोर चहा ठेवला आणि स्वतःचाही तिथेच घेऊन बसल्या.

१९ ऑक्टोबर

मॅडमनी बोलावलं. चारही दवाखाने पडद्यावर, आणि सगळ्यांपुढे मला पुन्हा सांगायला लावलं.  

मग नदीपलीकडच्या दवाखान्यातली खिडकीवाली बोलली. 'आमच्याकडे एक जानेवारीची आठशे माणसं आहेत. ह्या बाईंनी निदान कबूल तरी केलं.' तेव्हा कुठे बाकीचेही बोलू लागले. एकाकडे सहाशे, एकाकडे मोजलेलीच नाहीत.

ठरलं ते असं. नुसत्या नाव-तारखेवर कुणाच्या नोंदी एक करायच्या नाहीत. चारही खिडक्यांनी रोज अकराला फोनवर बसायचं, जुने कागद काढून एकमेकींना पाठवायचे. आमच्या दोनशे चौदांची तपासणी माझ्याकडे. नोकरीचं काय ते नंतर, म्हणाल्या मॅडम.

२ नोव्हेंबर

एकसष्ट झाले. फोन करायचा, विचारायचं, रकान्यात 'माहीत नाही' लिहायचं. आता तसं लिहिता येतं. प्रत्येक वेळी ह्यांची तारीख माझ्याच हाताने पुसते. बोटं थांबतात. तरी पुसते.

११ नोव्हेंबर

तो पहिला म्हातारा अजून आहे! ऐकेचना. 'नातवंडं दरवर्षी त्या दिवशी मला टोपी घालून बसवतात. दिलेली तारीख परत मागता? लाज नाही वाटत?' म्हटलं, काका, घरी ठेवा, फक्त कागदावरून काढते. 'मग चालेल,' म्हणाले.

फोन ठेवून त्यांच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं.

२० नोव्हेंबर

दोनशे झाले. झोप धड नाही. संपलं की काय करणार मी?

२८ नोव्हेंबर

नऊ सप्टेंबरचे सगळे तपासायचे, म्हणजे हेही आले. मुद्दाम शेवटी ठेवले होते. आज नदीपलीकडच्या खिडकीवालीने ह्यांचं लहानपणचं कार्ड पाठवलं. तिथल्या मामांनी दवाखान्यात नेलं होतं, कान फुटला म्हणून. वय अंदाजे सहा. जन्मतारीख — माहीत नाही. ते खोडलंय, आणि शेजारी वेगळ्या शाईत, तेव्हाच्या कुणा खिडकीवालीच्या गोल बायकी अक्षरात, नऊ सप्टेंबर.

त्या दिवशी तिचं कोण जन्मलं होतं?