धनत्रयोदशीचा गोल

१४ ऑक्टोबर
शनिवारी फुटबॉलचा सामना बघायला जायचंय — खऱ्याखुऱ्या स्टेडियममध्ये! जिबिनचा रूममेट आजारी पडला, त्याचं तिकीट मला. जिबिन केरळचा, माझ्याच वॉर्डात नर्स आहे. जर्मनीत येऊन दीड वर्ष झालं, पण स्टेडियम फक्त बसच्या खिडकीतून पाहिलंय. 'अरे, शनिवारी धनत्रयोदशी आहे,' म्हटलं. तर म्हणे, 'मग तिथेच साजरी करू.' वेडा आहे!

१५ ऑक्टोबर
शिरपूरहून आईचा फोन. कापसाची वेचणी, मग माझ्या वजनाची चौकशी, मग मुद्दा. धुळ्याचं स्थळ, इंजिनिअर. भाऊबीजेला पाहुणे घरी येणार आणि मला व्हिडिओवर बघणार. 'साडी नेस वं माय, ड्युटीचं तोंड घेऊन बसू नको.' आबा तिथेच, आईच्या शेजारी पेपर वाचत बसलेले. मी 'बरं' म्हटलं. नाही म्हणायला कारण तरी हवं ना.

१७ ऑक्टोबर
इथल्या टीमचा निळा-पांढरा मफलर घेतला. तो गळ्यात घालूनच वरण फोडणीला टाकलं!!

१८ ऑक्टोबर
घसा पूर्ण बसलाय.

काय ती माणसं! काय तो आवाज! आमच्या स्टँडमध्ये कुणी बसतच नाही, सगळे उभे. गाण्यातला एक शब्द कळेना, तरी मी गात होते. पहिला गोल त्यांनी केला तेव्हा शेजारच्या पांढऱ्या केसांच्या आजी चक्क रडल्या. मग आमचा एक झाला. मी 'मार रे भो! मार ना!' ओरडत सुटले. आजींना ते इतकं आवडलं की त्याही सुरू — 'मारे बो! मारे बो!' मागची अख्खी रांग ओरडायला लागली. खानदेशी!

आणि अगदी शेवटी, लोक जिन्याकडे निघालेले असताना — गोल!!! कुणाची तरी बिअर माझ्या डोक्यावर. पुढचं नीट आठवत नाही. मी जिबिनच्या गळ्यात होते आणि आम्ही उड्या मारत होतो.

सगळे थांबले तरी आम्ही एकमेकांना सोडलं नव्हतं. मग सोडलं. बसमध्ये दोघंही हवामानावर बोललो.

१९ ऑक्टोबर
मेले!

माझा धाकटा भाऊ भूपेंद्र घरी मोबाइलवर तोच सामना बघत होता. गोल झाल्यावर कॅमेरा आमच्यावर! पूर्ण स्क्रीनभर मी आणि जिबिन. 'ताई, मी खुशीत त्याचा व्हिडिओ सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकून दिला. मग लक्षात आलं...' गाढव!

आईला सांगितलं, तो फक्त माझ्यासोबत काम करतो गं. 'संगे काम करनारास्ले आसं धरतस का?' फोन ठेवला.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. खिडकीत दोन पणत्या. घरून फोन नाही. मी केला तर कुणी उचलला नाही.

जिबिनने विचारलं, 'घरी सगळं ठीक?' मी हो म्हटलं. त्याच्याकडे बघायचं टाळतेय. का टाळतेय? काही नसेल तर बघता यायला हवं.

२३ ऑक्टोबर
साडी नेसून बसले. पाहुण्यांचा फोन आलाच नाही. आबांचा आला. आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत!

'पाहुणास्ले मी नही सांगं,' म्हणाले. नकार कळवून टाकला होता त्यांनी. मी रडायलाच लागले. 'आबा, तुम्ही समजताय तसं काहीच नाही...'

'पोरी, तो व्हिडिओ मी लई येळा दखा. तुले इतली हासताना मी कधीच दखं नही.' मग, 'तुनी मायले मी समजाडस. सुटी भेटनी का त्याले घर लई ये.'

आबांनी होकार दिला. कशाला? अजून काही झालेलंच नाही! जिबिनला तर यातलं काहीच माहीत नाही!

आता त्याला विचारावं लागणार. मलाच!

२४ ऑक्टोबर
विचारलं. म्हणाला, 'मला वाटलं, गोल झाला तेव्हाच विचारलंस.'