टॉवेलाला मेथीचा वास

२१ मे, बुधवार, संध्याकाळ

यांच्या टॉवेलाला आज पुन्हा मेथीचा वास. महिनाभर घरात मेथी नाही. म्हणजे फ्रिजमधला तो बस्तुर्माच! आमची पूर्वा आर्मेनियात डॉक्टरकी शिकते. तिनं सुट्टीत आणलेलं मेंढीचं खारवून वाळवलेलं मांस, वरून मेथी-लसूण-तिखटाचा जाड लेप. खाल्लं की घामालाही मेथीचा वास येतो, तिनंच सांगितलं. "बाबाले चाखायलेही देऊ नको," बजावून गेली. यांच्या अँजिओप्लास्टीला वर्षही झालं नाही.

विचारलं, तर म्हणतात, "मी काहून खाईन वं?" टॉवेल त्यांच्याच नाकाशी धरला. यांचा हात छातीवर गेला. सवयीनं, की दुखतंय? "काही नाही," म्हणे.

मी तो बस्तुर्मा फेकूनच देणार होते. आधी एक काप काढला, कागदासारखा पातळ, लालभडक. खाल्ला. मग आणखी चार. आपल्या सावजी रश्श्याचं तिखट घशाला लागतं, हे जिभेवर रेंगाळत राहतं. आता यांना कोणत्या तोंडाने आवरू?

वळले तर हे मागे उभे. "आता तुयाही टॉवेलाले वास येईन." हसले नाहीत.

उरलेला तुकडा दह्यामागे ठेवला. थोड्या वेळात पूर्वाचा फोन येईल. मी खोटं बोलणार. फोनवरून वास जात नाही, एवढंच.